गालाची बधिरता आणि काळी बुरशी

२०२१ च्या मे महिन्यातील एका दुपारी फुलंब्री तालुक्यातील एक सत्तरीचे निवृत्त शिक्षक सुनेसह माझ्या दवाखान्यात आले. तीन आठवड्यांपूर्वीच ते कोरोनातून बरे होऊन घरी परतले होते. तक्रार साधी होती : वरची कवळी डाव्या बाजूला टोचते. मी ओझरते पाहिले, हिरडी सुजल्यासारखी वाटली, आणि प्रतिजैविक लिहून देऊन दंतवैद्याकडे जाण्यास सांगितले. उठता उठता सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, दाढी करताना डावा गाल आपला वाटतच नाही, असं मामंजी दोन दिवसांपासून म्हणतायत."

मी त्यांना पुन्हा बसवले. कवळी काढायला लावून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा टाळूवर डावीकडे रुपयाएवढा काळपट डाग दिसला. रक्तातील साखर निघाली ४१२. त्याच संध्याकाळी ते घाटी रुग्णालयात दाखल झाले. कवळी न काढता तोंड तपासणे ही माझी चूक होती. सूनबाई बोलल्या नसत्या, तर ती फार महागात पडली असती.

नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना आपण सायनस म्हणतो. बुरशीचे सूक्ष्म कण तेथे श्वासाबरोबर रोजच जातात. उकिरडा, कुजलेला पाला, ओली माती, शिळी भाकरी या सर्व ठिकाणी त्यांचा वास असतो. निरोगी शरीर त्यांना सहज निपटून काढते. क्वचित एखाद्या पोकळीत बुरशीचा गोळा साचतो किंवा तिची ॲलर्जी होते; हे आजार चिवट असले, तरी बहुधा जिवावर बेतणारे नसतात. म्युकरमायकोसिसची गोष्ट मात्र निराळी. साखर फार वाढली आणि रक्तात आम्ल साचले, की रक्तातील लोह मोकळे होऊ लागते आणि पांढऱ्या पेशींची धारही बोथट होते. या बुरशीला लोह हवेच असते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बुजवते आणि पुढचा भाग उपाशी मरतो. काळा असतो तो हा मेलेला भाग. बुरशी स्वतः काळी नसते. त्या काळात कांद्यावरची काळी पूड आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर म्हणजेच हा रोग, असे निरोप घरोघरी फिरत होते. कांद्यावरची ती बुरशी वेगळी. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे शुश्रूषा करणाऱ्यांनी रुग्णापासून दूर राहण्याचे कारण नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह, अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांची गाठ पडली. स्टेरॉइड वाईट औषध नव्हे. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण त्यानेच वाचवले. पण घरी बसून, गरज नसताना, दिवसांचा हिशेब न ठेवता ते घेतले गेले. ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची झालेली वणवण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. लाट ओसरली, पण मधुमेह घरात आहेच. आणि एक जुने दुखणे सांगून टाकतो : नाव नसलेल्या पुडीने गुडघेदुखी दोन दिवसांत पळाली, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका अवश्य घ्यावी. अशा पुड्या घेणाऱ्या आजोबांची साखर का आटोक्यात येत नाही, हे घरच्यांना कळतच नाही. मात्र बरेच दिवस घेतलेले असे औषध एकाएकी बंद करू नये. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आपल्या घरी मधुमेही ज्येष्ठ असतील, तर एकाच बाजूचे दुखणे ध्यानात ठेवावे. एकाच बाजूचा गाल दुखणे, सुजणे किंवा बधिर होणे, त्या बाजूची नाकपुडी चोंदून रक्ताळलेला वा काळपट स्राव येणे, दात हलणे, पापणी पडणे, एकाचे दोन दिसणे. यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर गरम शेक आणि वाफेत दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावेत. ते दुर्बिणीने नाक पाहतात, तुकडा काढून तपासतात, स्कॅन करतात. साध्या सर्दीत सहसा दोन्ही बाजू चोंदतात आणि गाल बधिर होत नाही. बधिरतेचे कारण असे, की गालाला संवेदना देणारी नस सायनसच्या छतातूनच जाते. ज्यांना दातच नाहीत, त्यांच्या बाबतीत दात हलण्याची खूण मिळत नाही. एकाएकी टोचू लागलेली कवळी हीच खूण समजावी.

उपचारात मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे, बुरशीविरोधी औषध देणे आणि साखर आवरणे ही तिन्ही कामे एकाच वेळी चालतात. ॲम्फोटेरिसिन-बी मूत्रपिंडांना त्रास देऊ शकते, रक्तातील पोटॅशियमही उतरवते; म्हणून वारंवार रक्त तपासतात. त्याला घरच्यांनी कंटाळू नये.

गुरुजींच्या वरच्या जबड्याचा डावा भाग काढावा लागला, डोळा वाचला. टाळूची पोकळी बंद करणारी खास कवळी ते वापरतात. तिच्यामुळे जेवता येते, बोलणे थोडे नाकातून येते इतकेच. दर महिन्याला साखरेची वही घेऊन ते माझ्याकडे येतात, आणि मी काही सांगण्याआधीच कवळी काढून हातात धरतात.