जोडणी कोणाच्या नावावर?



इथे अमेरिकेत आपल्या मंडळाचा कोणताही कार्यक्रम असो, जेवणाच्या वेळी दोन-चार जण एका कोपऱ्यात जमतात आणि बोलणे गावाकडच्या नेटवर येते. यात पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, रामाकोना इकडची मंडळी जास्त. सगळ्यांची तक्रार एकच. वर्षाचे पैसे एकरकमी भरलेले आहेत, पण आई-वडिलांचा व्हिडिओ कॉल लागत नाही. राऊटरवर लाल दिवा लागलेला आहे आणि लाइनमन "उद्या येतो" म्हणून गेला आहे. घरचा टीव्हीही तसाच: आभाळ भरून आले की डिश जाते, आणि उघडीप झाली की लागते हिंदीच. "नेट येऊनच नाही राह्यलं रे बाबू, तू कायले पैसे भरतं?" हे वाक्य थोड्याफार फरकाने अनेक घरांतून ऐकले. म्हणून या वेळचे संपादकीय त्या विषयावर.

पुण्या-मुंबईच्या सभासदांसाठी थोडे सांगायला हवे. पांढुर्णा आणि सौंसर महाराष्ट्रात नाहीत. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा, संत्र्यांच्या बागांचा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात आहे. नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती तोवर हा प्रश्नच नव्हता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ एका राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा दुसऱ्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हा भाग वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव वर्तमानपत्रांत येते, आणि जामसावळीच्या हनुमानामुळे सौंसरचे नाव नागपूरकरांच्या तोंडी असते. एरवी इकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही, टेलिफोन आणि टीव्ही कंपन्यांचेही नाही.

नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. तिच्या मध्यम लहरींना राज्याची हद्द ठाऊक नव्हती. १९५६ नंतरही सौंसरच्या ओसरीवर आणि पांढुर्ण्याच्या बाजारात नागपूरचे मराठी कार्यक्रम लागतच होते. रेडिओ एकदा घेतला की भाषा निवडण्याचे वेगळे पैसे कोणी मागत नव्हते. आज तंत्र कितीतरी पुढे गेले, उपग्रहावरून सगळा देश एका छत्रीत येतो, आणि नेमकी आताच राज्याची सीमा घरातल्या डब्यापर्यंत येऊन पोचली आहे. पत्ता मध्य प्रदेशचा दिसला की विक्रेता पुढे करतो तो पॅक बहुधा हिंदीचा असतो. मराठी चॅनल हवेत तर ते वरून घ्या, वेगळे पैसे द्या. ज्या आजीचा सगळा दिवस मराठीत जातो, तिच्या घरी मराठी ही जादा मागणी ठरते. याचा मला मनापासून राग येतो.

खरे तर नियम तसा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, २०१७ ची दररचना फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. तिच्यानुसार ग्राहक हवे ते चॅनल एकेक करून निवडू शकतो. प्रत्येक चॅनलची किंमत जाहीर असावी लागते आणि पॅक घेण्याची सक्ती करता येत नाही. सुरुवातीला पहिल्या शंभर चॅनलसाठी जोडणीचे भाडे १३० रुपये ठरले होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. म्हणजे एकही सशुल्क चॅनल न घेता महिन्याची सुरुवात दीडशे रुपयांच्या वर. २०२० पासून तेवढ्याच भाड्यात दोनशे चॅनल बसवले गेले, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने त्या भाड्यावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता भाडे किती घ्यायचे हे कंपनीने ठरवायचे, फक्त जाहीर करायचे. दोनशे चॅनलमधले किती चॅनल त्या घरात कधी लागतात? पाच-सहा मराठी मालिका, बातम्या, सकाळचे अभंग आणि नातवंडे आली की कार्टून. बाकीचे चॅनल यादीत असतात, एवढेच. तेव्हा पुढच्या रिचार्जच्या आधी यादी मागवा, नको ते काढायला लावा आणि हवे ते मराठी चॅनल नावाने मागा. ज्यांना महिन्याचा खर्चच नको, त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. २००४ पासून ती चालू आहे, मासिक भाडे नाही, आणि तिच्यावर सह्याद्री दिसते. ज्या घरी फक्त बातम्या आणि जुने मराठी कार्यक्रम बघायचे असतात, तिथे ती पुरेशी आहे.

पावसात डिश जाते यात मात्र लबाडी नसते. घरगुती डिश ज्या लहरींवर चालते त्या पावसाच्या जोरदार सरीत शोषल्या जातात. छत्री नीट बसवलेली असेल तर हा खंड थोड्या वेळाचा असतो. नंतरही चित्र येत नसेल तर छत्री हललेली आहे असे समजावे आणि माणूस बोलवावा.

आता नेट. गावात नेट येते ते दोन वाटांनी, टॉवरवरून किंवा जमिनीतल्या आणि खांबांवरच्या फायबरमधून. टॉवरचे दुखणे विजेचे आणि डोंगराचे. वीज गेली की बॅटरी चालेल तेवढाच वेळ टॉवर चालतो आणि घाटाच्या आडोशाला रेंज पोचत नाही. सीमेवरच्या गावांत आणखी एक भर: फोन कधी मध्य प्रदेशचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. ज्या काळी रोमिंगचे पैसे पडत, त्या काळी लोकांनी अंगणात बसून रोमिंग भरले आहे. फायबरचे दुखणे खोदकामाचे. नागपूरहून सौंसरमार्गे छिंदवाड्याला जाणारा आणि पांढुर्ण्यावरून बैतूलला जाणारा असे दोन्ही महामार्ग या जिल्ह्यातून जातात. रस्ता, नाली, नळाची पाइपलाइन, कशासाठीही जेसीबी लागला की वायर तुटते. खोदण्यापूर्वी वायरच्या मालकाला कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये एक ॲप काढले, पण वायरी अजून तुटतातच. तुटलेली काच-तार जोडायला यंत्र आणि शिकलेला माणूस लागतो, आणि असा माणूस लहान गावात रोज नसतो. वाट बघावी लागते ती त्याची.

एवढी वाट बघूनही पैसे मात्र पूर्ण जातात. मोबाइलचा 'महिना' अठ्ठावीस दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवायला लावला, पण तो दुकानदार आपणहून सांगत नाही, मागावा लागतो. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले. घरात फायबर आहे, तरी वडिलांच्या फोनमध्ये रोजच्या डेटाचा महाग पॅक भरला जातो, असे कितीतरी घरांत चालले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्यायला कंपन्यांना भाग पाडले आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. घरी बसून बोलणाऱ्या माणसाला तेवढा पॅक पुरतो.

मला मुख्यतः सांगायचे आहे ते आता. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची जोडणी आपल्या नावावर आहे. सुट्टीत गेलो, दुकानात बसलो, स्वतःचे आधार दिले, स्वतःचा जुना नागपूरचा नंबर लिहिला, वर्षाचे पैसे भरले आणि विमानात बसलो. हेतू चांगलाच होता. आईला बिलाची चिंता नको. परंतु कंपनीच्या लेखी तिथे आई ग्राहक नाहीच. ती तक्रार करायला फोन लावते तेव्हा नोंदलेल्या नंबरवरून बोला असे तिला सांगतात. ओटीपी जातो तो इथल्या एखाद्या ड्रॉवरमधल्या फोनवर, किंवा सिम नव्वद दिवस न वापरल्याने नंबरच बंद पडलेला असतो. इथून आपण फोन करावा तर १८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत, आणि तिकडचे कामाचे तास ही इथली रात्र. तक्रार नोंदली जात नाही. नोंद नाही म्हणजे बिघाडही नाही. कागदोपत्री पांढुर्ण्याची सेवा उत्तम चालते.

नोंद किती महत्त्वाची आहे ते ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांवरून दिसते. एखाद्या जिल्ह्यात मोबाइल सेवा सलग २४ तासांहून अधिक बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यावी लागते. एका दिवसात बारा तासांपेक्षा जास्त बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरतात. घरच्या वायरीच्या जोडणीचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर त्याचीही भरपाई आहे. मोबाइलच्या बाबतीत मोजमाप जिल्ह्याचे आहे. जिल्हा एकच राहिला असता तर पांढुर्ण्यात अंधार आणि छिंदवाड्यात उजेड असतानाही तो चालूच गणला गेला असता. आता जिल्हा वेगळा झाल्याने हा फरक पडू शकतो. पण सवलत त्या जिल्ह्यात नोंदलेल्या ग्राहकाला मिळते. कॉलेजात असताना नागपूरच्या धंतोलीत घेतलेले महाराष्ट्राचे सिम पांढुर्ण्याच्या हिशेबात कुठेच नसते.

म्हणून जोडणी घरच्यांच्या नावावर करा. आईच्या, वडिलांच्या, नाहीतर जवळच राहणाऱ्या भाच्याच्या. नंबर त्यांचा, पत्ता तिथला. पैसे इथूनच भरा, त्याला कोणाची आडकाठी नाही. वर्षाची रक्कम एकदम भरण्याआधीही विचार करा. थोडे स्वस्त पडते हे खरे, पण एकदा पूर्ण पैसे हातात पडले की पुढचे अकरा महिने कंपनीला तुमची गरज उरत नाही. जिथे वायर वारंवार तुटते तिथे तीन महिन्यांचा प्लॅन बरा.

तक्रारीचा रस्ताही घरच्यांना लिहून द्या. पहिली तक्रार कंपनीच्या केंद्राकडे. तिचा क्रमांक मागायचाच, आणि तो वहीत तारखेसह लिहायचा. तोडगा निघाला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अपील करता येते, फी नाही, आणि ते ३९ दिवसांत निकाली काढावे लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे ग्राहक आयोग. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असे कंपन्या वर्षानुवर्षे सांगत आल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. २०१९ च्या ग्राहक कायद्याने माणूस राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागू शकतो, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. सत्तरीतल्या माणसाने एवढे करावे का, हा प्रश्न रास्त आहे. अर्ज आपण इथे बसून लिहू शकतो. सही त्यांची लागते.

इथे अमेरिकेतही केबल आणि नेटची बिले वाचून डोके फिरते, हे आपण सगळे अनुभवतो. तरी एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना विक्रीच्या ठिकाणी एक लेबल लावावे लागते. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटकांचा तक्ता असतो तसे. महिन्याची किंमत, सवलत संपल्यावरची किंमत, वरची फी, नेहमी मिळणारा वेग, सगळे त्यावर. भारतात मात्र ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी लागणारा किमान वेगच २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाला, आधी तो निम्म्याहून कमी होता. सौंसरच्या दुकानात एक भिंतभर जाहिरात असते आणि तिच्यावर वेगाच्या आधी 'पर्यंत' असा शब्द बारीक अक्षरात असतो. तिथेही असे लेबल, आणि ते मराठीत, लागायला हवे. ही मागणी ट्रायकडे मांडता येते. नवे नियम करण्याआधी ते सल्लामसलतीचा मसुदा जाहीर करून कोणाकडूनही सूचना मागवतात. पुढचा मसुदा आला की मंडळाच्या वतीने आपण लिहू.

आणि ज्यांचे कोणी परदेशात नाही त्यांचे काय? संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्या घरातली मुलगी परीक्षेचा फॉर्म भरायला कोणाच्या ओट्यावर जाते? ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित आराखड्याला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. एवढा पैसा खर्च होत असताना आपल्या गावच्या पंचायतीत आलेली वायर जिवंत आहे का, तिच्यावरून शाळेत नेट चालते का, हे ग्रामसभेत विचारता येते. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा सरपंचांना भेटून एवढे जरूर विचारा आणि काय उत्तर मिळाले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ते छापू.

दिवाळीच्या कार्यक्रमात प्रवेशद्वाराजवळ एक टेबल असेल. नाव बदलण्याचा अर्ज, अपील आणि चॅनल काढण्याचे पत्र लिहून द्यायला आपलेच सभासद तिथे बसतील. येताना घरच्या जोडणीचा ग्राहक क्रमांक, शेवटचे बिल आणि सध्या नोंदलेला नंबर घेऊन या. घरी कोण बोलू शकेल त्यांना आधी कळवून ठेवा, कारण आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची पहाट.

– संपादक