देवाची योजना आणि आपण

परवा आमच्या बायबल अभ्यासाच्या बैठकीत एका बाई सहज म्हणाल्या, "झालं त्यात देवाची काहीतरी योजना असणारच." साऱ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली. चहाच्या वेळी थोडी वादावादीही झाली. तिथं नीट बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेला. ३४ वर्षांचा होता. दफनाला मोजकी माणसं. बहीण तेव्हा माझ्याकडेच होती. घरी कुणाला येता येत नव्हतं, त्यामुळे सगळं फोनवर. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिला अर्धा तास देवाचा हेतू समजावून सांगितला. तिनं निमूट ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन घासलेलाच कुकर पुन्हा घासत बसली. त्यानंतर तिनं चर्चला यायचं सोडलं.

त्याच महिन्यात, २१ तारखेला, आपल्या नाशकात झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. तीही देवाचीच योजना म्हणायची का? सगळं देवाच्या नावावर टाकलं, की माणसांना प्रश्न विचारायची गरजच उरत नाही. या वाक्याचा हा आणखी एक तोटा.

शास्त्रात ईयोबाची गोष्ट आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, सगळं गेलेलं, अंगभर फोड. त्याचे तीन मित्र येतात आणि ७ दिवस, ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कुणी अवाक्षर बोलत नाही. इथपर्यंत त्यांचं काही चुकलं नाही बघा! मग त्यांना तोंड फुटतं आणि पुढचे कितीतरी अध्याय ते देवाची बाजू मांडत सुटतात. तुझंच काहीतरी पाप असणार, त्याशिवाय का हे झालं, असा सूर. शेवटी देव रागावतो तो या वकिलांवर. त्याच्याशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

आणि ईयोबाला कारण सांगतो का? अजिबात नाही. उलट त्यालाच विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठं होतास? रानबकऱ्या कधी वितात, ठाऊक आहे का? तरुणपणी हा भाग वाचून मला राग यायचा. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देणारे शिक्षक मला कधी आवडले नाहीत. आता वाटतं, मुलांना "मला माहीत नाही" म्हणायला मीही ३० वर्षं कचरतच होते.

यावर कुणी म्हणेल, मग देवाविषयी आपल्याला काहीच कळत नाही का? कळतं की. ख्रिस्तात जेवढं दाखवलं तेवढं कळतं. तो लाजराच्या कबरेशी रडला, हे कळतं. मार्था-मरीयेला त्यानं भावाच्या आजारपणामागचा हिशेब मांडून दाखवला नाही. पौलासारखा माणूससुद्धा म्हणतो की आत्ता आपल्याला अंधुकच दिसतं आहे. तिथं आमच्या वडीलधाऱ्यांना फोनवर इतकं लख्ख कसं दिसलं?

लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर इथलंच, नाशिकजवळच्या जलालपूरचं. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधल्या वर्षांतला संताप, रडणं, काही न उमगणं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त झाकून ठेवलेलं नाही. पुढे टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं, पण १९१९ मध्ये ते गेले तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहिले, तरी पुरं झालं नाही. शेवट मुलानं, देवदत्तांनी केला. ख्रिस्ताचं चरित्र लिहायला एका घरातल्या तिघांचे हात लागले, आणि आपण देवाचं मन एका वाक्यात सांगून मोकळे होतो.

असो. त्या दिवसांत आमच्या शेजारच्या भाभी रोज दाराशी डबा ठेवायच्या आणि पायरीवर, लांबच, तोंडाला पदर लावून दहा मिनिटं बसायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. बहीण आतून खिडकीपाशी येऊन बसायची.

२०२३ च्या नाताळला ती परत चर्चला आली. का आलीस, असं मी विचारलं नाही.