विहिरीचे पाणी आणि धर्मसभेची सेवा

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ ख्रिस्तसभेत अलीकडे सृष्टीच्या जतनासाठी राखून ठेवला जातो. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस आणि ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. या पाच आठवड्यांत धर्मग्रामांतून रोपे वाटली जातात, किनारे झाडले जातात, प्लास्टिक गोळा केले जाते आणि मिस्साच्या प्रवचनात पृथ्वीचे स्मरण होते. हे सारे चांगलेच आहे. पण हे इतके निरुपद्रवी आहे की, गावची वाडी विकत घेऊन तीवर इमारत उभी करणारा व्यावसायिकही हातात रोप घेऊन याच कार्यक्रमाच्या छायाचित्रात उभा राहू शकतो आणि ते कोणालाच खटकत नाही. सेवेची कसोटी लावायची असेल तर ती येथेच लावावी लागते. जिच्यामुळे कोणाचाच तोटा होत नाही, ती सेवा कोणाच्या पथ्यावर पडते?

पुरोगामी कार्यकर्ता हे दृश्य पाहून नाक मुरडतो. 'भूतदया झाली, गोदान झाले, आता रोपदान,' असे म्हणून तो पुढे जातो. त्याचा संशय निम्मा खरा आहे. उरलेला निम्मा मात्र अज्ञानातून आलेला आहे आणि त्या अज्ञानाची किंमत चळवळीने मोजलेली आहे. कारण महाराष्ट्रात पर्यावरणाचा प्रश्न हा जमिनीच्या आणि पाण्याच्या मालकीचा प्रश्न आहे, हे ज्या मोजक्या लोकचळवळींनी उघड करून दाखवले, त्यांतील एक चळवळ एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली उभी राहिली होती. ती वसईची.

वसईचा पश्चिम पट्टा ही समुद्र आणि तुंगारेश्वराचा डोंगर यांच्यामधली बागायत. केळी, पानवेली, फुले, भाजीपाला ही येथील पिके. आगाशीची सुकेळी सर्वांच्या परिचयाची आहेत. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी असे अनेक समाज येथे नांदतात. त्यांतले काही पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, तरी भाषा, शेती आणि विहीर यांबाबत ते शेजाऱ्याहून वेगळे झाले नाहीत. नंदाखालचे चर्च १५७३ सालचे आहे. त्याच्या आसपासच्या वाड्यांतील माणूस देवळात जातो की चर्चमध्ये, हे त्याच्या रहाटावरून कधीच ओळखता आले नसते.

या बागायतीचे सारे अर्थशास्त्र भूगर्भातील गोड्या पाण्याच्या एका पातळ थरावर उभे होते. किनारपट्टीवर हा थर खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. भूजलशास्त्राचा ढोबळ हिशेब असा की, गोड्या पाण्याची पातळी १ फूट खाली गेली तर खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० फूट वर सरकते. वसईच्या शेतकऱ्याला हा हिशेब पुस्तकातून शिकावा लागला नाही. त्याच्या पूर्वजांनी गावोगाव बावखळे खणून ठेवली होती. पावसाचे पाणी या तळ्यांत साठे, जमिनीत मुरे आणि विहिरींना पुरे. बावखळ हे वसईचे खरे धरण. त्याला ना ठेकेदार लागला, ना उद्घाटन.

१९८० नंतरच्या दशकात मुंबईची वाढ वसईच्या खाडीपलीकडे पोहोचली आणि या थराला बाजारभाव आला. विहिरींवर पंप बसले, टँकर उभे राहिले आणि शेताचे पाणी इमारतींना विकले जाऊ लागले. एका दिवसाच्या टँकरविक्रीचे पैसे महिनाभराच्या भाजीतून सुटत नसतील, तर शेतकऱ्याने पाणी का विकू नये? बाजाराच्या तर्काने त्याचे काहीच चुकत नव्हते. कायद्यानेही चुकत नव्हते. १८८२ चा सुविधाधिकार कायदा जमिनीच्या मालकाला तिच्याखालील पाणी उपसण्याचा आणि वापरण्याचा हक्क देतो. पण पाण्याला सातबारा कळत नाही. एकाची विहीर उपसली की शेजारच्या दहांची खारी होते. विक्रीचा नफा एकाच्या खिशात जातो आणि खाऱ्या विहिरीचा तोटा साऱ्या गावावर वाटला जातो. सार्वजनिक ठेव्याची खासगी लूट ती हीच आणि ती करायला कोणी परदेशी भांडवलदार यावा लागला नाही.

याच काळात शासनाच्या धोरणाने वसईची हिरवी जमीन शहरीकरणाला मोकळी होऊ लागली. त्याविरुद्ध १९८८ मध्ये हरित वसई संरक्षण समिती स्थापन झाली. नेतृत्व होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते आणि ते मासिक त्यांनी धर्मवार्तेपुरते ठेवले नव्हते. १९८९ मध्ये हजारो वसईकरांचा मोर्चा तहसील कचेरीवर गेला. त्यात ख्रिस्ती होते, तसे हिंदू आणि मुसलमानही होते. तो काळ वसईत दहशतीचा होता. जमिनीच्या व्यवहारांतून खून पडत होते. अशा काळात धर्मगुरूने वेदीवरून उतरून पाणीउपसा आणि जमीनविक्री यांविरुद्ध जाहीर बोलणे, हे रोप लावण्याहून निराळे कर्म होते. धमक्या त्याच कर्माला येतात.

यातला मुद्दा व्यक्तिपूजेचा नाही. तो दिब्रिटोंना रुचलाही नसता. मुद्दा असा की, तेच धर्मग्राम, तेच भाविक आणि तीच रविवारची मिस्सा. तरीही १९८९ ची सेवा सत्तेला बोचली आणि आजची सेवा सत्तेला शोभते. फरक श्रद्धेत नाही, विषयात आहे. त्या वेळी प्रश्न होता जमीन कोणाची आणि पाण्याचा भाव कोण ठरवणार. आज प्रश्न आहे किती रोपे जगली.

ख्रिस्तसभेतील काही भाविक यावर उत्तर देतील की, धर्माने राजकारणात पडू नये. सेवा हे राजकारणापलीकडचे कार्य आहे. हे उत्तर त्यांच्याच धर्मपीठाला मान्य नाही. पोप फ्रान्सिस यांचे 'लौदातो सी' हे विश्वपत्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हवामान हा सर्वांचा सामायिक ठेवा आहे, पिण्याचे सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क आहे, खासगी मालकीचा हक्क निरपवाद नाही आणि पृथ्वीचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश वेगळे करता येत नाहीत, असे ते पत्र सांगते. ही विधाने एखाद्या समाजवादी जाहीरनाम्यात घातली असती तर नागरी भागातील कित्येक पक्षसभासदच बिचकले असते! ज्यांच्या धर्मग्रंथालयात असे पत्र आहे, त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांपाशी थांबावे, ही विनम्रता नव्हे. ती सोय आहे.

परंतु दोषाचे सारे माप चर्चच्या पदरात टाकून समाजवाद्यांना हात झटकता येणार नाहीत. डॉ. राममनोहर लोहिया यांनी कार्यकर्त्यापुढे फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन साधने ठेवली होती. वसईच्या धर्मसभेपाशी फावडे परंपरेनेच होते. १९१८ मध्ये स्थापन झालेली पतसंस्था, जी आज बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते, तिच्या स्थापनेत धर्मगुरूंचा पुढाकार होता. शाळा झाल्या, दवाखाने झाले. तुरुंगाची तयारी १९८९ मध्ये दिसली. मतपेटीशी मात्र गाठ पडली नाही. मोर्चात हजारो चालले, पण १९९० च्या निवडणुकीत त्या मोर्चाचे राजकीय बळात रूपांतर झाले नाही. त्याच वर्षी वसई-विरार परिसराचे नियोजन सिडकोकडे गेले आणि शहरीकरणाची गती वाढतच राहिली. हे रूपांतर घडवणे हे धर्मगुरूचे काम नव्हते. ते पक्षाचे काम होते. 'हा फादरांचा प्रश्न, हा बागायतदारांचा प्रश्न,' म्हणून ज्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवला, त्यांनी शेतकऱ्यांना, पाण्याला आणि अखेर स्वतःच्या पक्षालाही वाऱ्यावर सोडले.

बागायतदारांचा प्रश्न या आक्षेपात तथ्य नाही काय? आहे, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हरित वसईची हिरवाई महामार्गाच्या अलीकडची होती. पलीकडे, पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात, वारली, कातकरी, मल्हार कोळी राहत होते. त्यांच्याजवळ वाचवायला वाडी नव्हती. १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला, तरी याच तालुक्यात आदिवासी सालोसाल कर्जापोटी राबत होते आणि त्यांना मुक्त करण्यासाठी विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांना १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभारावी लागली. एकच तालुका, एकच दशक आणि दोन लढे. एक जमीन टिकवण्याचा, दुसरा माणूसपण मिळवण्याचा. दोन्ही लढे पुष्कळ काळ आपापल्या वाटेने चालले. ते एकत्र यावेत म्हणून २००९ साल उजाडावे लागले. चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, गावांनी तिच्यात जाण्यास विरोध केला आणि त्या विरोधातून पंडित विधानसभेत निवडून गेले. मतपेटी वीस वर्षे उशिरा उघडली. त्या वीस वर्षांत काय झाले हे जनगणनेत दिसते. २०११ मध्ये महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली होती.

पुढचा इतिहास कडू आहे. २९ गावे पालिकेतून वगळण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला, तो न्यायालयात अडकला आणि २०२४ मध्ये शासनानेच पाऊल मागे घेतले. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले, रेल्वे बंद पडली, मिठागरांतील कुटुंबे अडकून पडली. पाणी मुरण्याच्या जागा बुजवल्या की पाणी घरात येते, हे सांगायला तज्ज्ञ समिती नको होती. बावखळे भरून त्यांवर घरे बांधणाऱ्यांना ते ठाऊक होतेच. तोटा मात्र तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या वाट्याला आला. तो वसईचा भूमिपुत्रही नव्हता आणि चर्चच्या यादीतही नव्हता.

आणखी एक हिशेब या सृष्टीप्रेमात मांडला जात नाही. विहिरी खारावल्यानंतर वसई-विरारची तहान सूर्या प्रकल्पावर भागू लागली. सूर्या प्रकल्प मुळात सिंचनासाठी होता. त्याचे लाभक्षेत्र म्हणजे डहाणू-पालघरचा आदिवासी पट्टा. धरणासाठी जमिनी आदिवासींच्या गेल्या आणि पाणी नळातून शहराकडे वळले. वसईच्या बागायतदाराने पाणी विकले तेव्हा त्याच्या शेजाऱ्याची विहीर खारी झाली. शहराने सूर्याचे पाणी घेतले तेव्हा आदिवासीचे शेत कोरडे राहिले. पहिल्या अन्यायाविरुद्ध धर्मग्रामांतून आवाज उठला. दुसऱ्या अन्यायाविरुद्ध तसाच आवाज उठणे, ही 'लौदातो सी'ची वसईतील खरी परीक्षा आहे. ती परीक्षा अवघड आहे, कारण या वेळी नळाच्या तोंडाशी धर्मसभा स्वतः बसलेली आहे.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्याआधी, २०१९ मध्ये, उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा 'ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा?' असा गिल्ला झाला होता. मराठी भूमीच्या विहिरींसाठी उभ्या राहिलेल्या माणसाला मराठीपणाचा दाखला मागणारे हे लोक टँकरच्या प्रश्नावर कोठे होते, असे कोणी विचारले नाही. कार्यकर्त्याने मात्र हे ध्यानात ठेवावे. अल्पसंख्य धर्मसभा रोपवाटपापुरती राहते याचे एक कारण भय हेही आहे. जमिनीच्या प्रश्नावर बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसावर धर्मांतराचा ठपका ठेवणे आज फार सोपे झाले आहे. जेथे पुरोगामी पक्ष शेजारी उभा नसतो, तेथे धर्मगुरू प्लास्टिक वेचणेच पसंत करणार.

तेव्हा नाक मुरडण्याऐवजी कार्यकर्त्यांनी धर्मग्रामांच्या दारात काही निश्चित मागण्या घेऊन जावे. प्रत्येक गावातील उरलेल्या बावखळांची नोंद ग्रामस्थांनी एकत्र बसून करावी आणि बुजवलेल्या बावखळांची यादी जाहीर लावावी. भूजलावर १९९३ चा आणि त्याची जागा घेणारा २००९ चा असे दोन कायदे महाराष्ट्रात झाले. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणण्यास पहिल्याने बंदी घातली होती. भूजल कायद्याची अंमलबजावणी का होत नाही, याचा जाब तहसीलदाराला विचारण्यासाठी धर्मगुरू आणि शाखाचिटणीस यांनी एकत्र जावे. सहकारी बँकेच्या सर्वसाधारण सभेत सभासदाने उठून विचारावे की, वाडी राखणाऱ्याला किती कर्ज दिले आणि वाडीवर इमला चढवणाऱ्याला किती. सूर्याच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा ठराव वसईच्या धर्मग्रामसभेत मांडला जावा. तो संमत होतो की नाही, हे नंतर पाहता येईल. आणि पुढच्या १ सप्टेंबरला रोपे लावायची असतील तर ती बावखळाच्या काठावर लावावीत, आणि त्या बावखळाच्या मालकाला त्या दिवशी आवर्जून बोलवावे.