भंगारात काढण्याआधी

वर्कशॉपमधलं जुनं मिग वेल्डिंग मशीन भंगारात काढा, असं बरेच जण म्हणतात. माझं मत उलटं आहे. वायर अडकत येते, आर्क तडतडतो, म्हणजे मशीन 'गेलं' असं नव्हे. बऱ्याचदा दुखणं स्वस्तातलं असतं. कॉन्टॅक्ट टिपचं भोक झिजलेलं असतं, लायनरमध्ये धूळ आणि चुरा साचलेला असतो, नाहीतर ०.८ मि.मी. वायरला १.२ची खाच असलेला रोलर लावलेला असतो. वायर घसरली की आपण रोलर आणखी आवळतो. पुढे अडथळा असला की रोलरपाशीच वायरचा गुंता होतो. अर्थचा क्लॅम्प गंजलेल्या जॉबवर लावला तर आर्क टिकणार कसा? वेल्डमध्ये भोकं पडत असतील तर आधी गॅस बघा, पंखा बंद करा.

मात्र प्लग काढूनच हात लावायचा. कव्हरच्या आतलं काम सरांसमोरच, कारण कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

नव्या मशीनवर वेल्डिंग शिकता येईल, दोष शोधायला हे जुनंच शिकवेल. म्हणून ते ठेवावं आणि त्याची दुरुस्ती प्रॅक्टिकलला धरावी. व्हायव्हात व्याख्या घडाघडा म्हणणारे आपण, उद्या कंपनीत मशीन थांबलं तर वेल्डरच्या तोंडाकडे बघत उभे राहणार का?