मुक्काम शिंदे घाटावर

काशीला निघालेल्या मराठी कुटुंबाला शिंदे घाट आपलासा वाटतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये तो बांधवून घेतला. स्वतःच्याच भाराने तो खचला आणि १९३७ मध्ये शिंदे घराण्याने पुन्हा उभा केला. काठावरचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कललेलेच आहे.

घाटामागच्या गल्ल्यांत गेस्ट हाउस आहेत. गच्चीवरून गंगेचा सूर्योदय दिसतो, हे खरेच. पण आगाऊ पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. रिक्षा कुठपर्यंत येते? गल्ल्या अरुंद, पुढे सामान हातीच न्यावे लागते. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, तर खालच्या मजल्यावर खोली मिळेल का? माकडांसाठी खिडकीला जाळी आहे का? आणि खिडकी कुठे उघडते?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. शेजारीच मणिकर्णिका घाट आहे. तिथल्या चिता रात्रंदिवस जळतात आणि वारा फिरला की धूर खोलीत येतो. मुले विचारतील, त्यांना खरे ते शांतपणे सांगा. तिथे फोटो मात्र काढू नका. घरात नुकतेच कुणी गेले असेल, तर अस्सीकडे उतरणे बरे.

पावसाळ्यात पुराचे पाणी पायऱ्या गिळते, घाटावरून चालता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत धुके असते, तेव्हा गरम कपडे आणि परतीच्या गाडीसाठी हाताशी जादा वेळ ठेवा.

खोली स्वस्त आहे की महाग, हे नंतर पाहा. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला तिथे नीट झोप लागेल का, हे आधी पाहा.