हलशीचे देऊळ आणि हलशीची भाकर

पर्यटनातून विकास हा मंत्र हल्ली प्रत्येक पुढाऱ्याच्या मुखी आहे. खानापूर तालुक्यापुरता त्याचा अर्थ काय, हे सीमावासीयांनी वेळीच विचारले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

या तालुक्यास निसर्गाने व इतिहासाने भरभरून दिले आहे. मलप्रभा कणकुंबीस उगम पावते, म्हादई भीमगडच्या अरण्यात. हलशी ही 12 व्या शतकात गोव्याच्या कदंबांची दुय्यम राजधानी होती. तेथील भूवराह नरसिंहाचे मंदिर आजही उभे आहे. तरीही येथील तरुण पोटासाठी गोव्याची वाट धरतो! पाहुणा मोटारीने येतो, देऊळ पाहतो आणि मुक्कामास शहरातील हॉटेल गाठतो. पैसा तिकडे जातो. गावाच्या वाट्यास उरते ती धूळ आणि कचरा. यास विकास म्हणावयाचे काय?

भीमगड 2011 साली अभयारण्य झाले. वन्यजीवांसाठी तेथील वाड्या बाहेर हलविण्याचे धोरण सरकारने स्वीकारले आहे. वनरक्षणास आमचा विरोध नाही. बारापेडेच्या गुहांतील दुर्मिळ वटवाघूळ माणसांच्या वर्दळीने एकदा नाहीसे झाले, तर तिकिटाच्या कितीही उत्पन्नाने ते परत येणार नाही. त्या गुहा प्रवाशांना बंदच हव्यात. परंतु पिढ्यान्‌पिढ्या अरण्य राखणाऱ्याने उठावे आणि त्याच वाटेने धनिकांच्या मोटारी आत शिराव्यात, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पाहुण्यांची संख्या अरण्यास पेलेल इतकीच असावी. वाटाड्या गावचाच असावा. गावकऱ्यांस आपल्या घरी पाहुणे ठेवण्याचा परवाना विनासायास मिळावा. प्रवेशशुल्काचा ठराविक वाटा ग्रामसभेकडे यावा. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाचा जंगलावरील सामूहिक हक्क मान्य केलाच आहे. आणि हलशीच्या देवळापुढील फलक हलशीच्या माणसास वाचता यावा, म्हणून तो मराठीतही असावा.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हा मुलूख म्हैसूर राज्यास जोडला गेला. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. निकाल लागेल तेव्हा लागेल. परंतु तोवर रोजगाराअभावी गावे ओस पडली, तर आपण जिंकणार ते काय? रिकामी घरे? भूमीवर हक्क सांगणाऱ्यास त्या भूमीवर भाकर मिळाली पाहिजे. ती मिळवून देणे हेही लढ्याचेच काम आहे, आणि ते कोणत्याही निकालासाठी थांबलेले नाही.