‘पाचट’ वर्गाबाहेर कां?

वाळून गेलेलें, तरीही झाडावरून न गळलेलें पान दाखविण्यास वनस्पतिशास्त्रांत ‘मार्सेसंट’ अशी संज्ञा आहे. ओक व बीच या वृक्षांचीं, विशेषतः कोवळ्या वयाच्या झाडांचीं, वाळलेलीं पानें हिवाळाभर फांद्यांवर टिकतात, हें तिचें ठराविक उदाहरण. अहिल्यानगर जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस आम्हींही पंचवीस वर्षें तेंच शिकविलें. ते वृक्ष त्यांनीं पाहिले नव्हते, आम्हींही नाहीं! आणि मराठींत या कल्पनेस शब्दच नाहीं, असें आमचे कांहीं सुशिक्षित मित्र अद्यापि खुशाल ठोकून देतात.

आम्ही त्यांस राहुरी-कोपरगांवकडील उंसाच्या फडांत येण्याचें निमंत्रण देतों. उंसाचें खालचें पान वाळतें; पण पुष्कळ जातींत तें सुटून पडत नाहीं, कांड्यास वेढूनच राहतें. या पानांस तेथील निरक्षर मजूरही पाचट म्हणतो.

आक्षेप असा कीं, हा एका पिकापुरता शब्द. शास्त्रास व्यापक संज्ञा हवी. ठीक. परंतु मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तरी काय? केवळ ‘कोमेजणारें’! न गळतां टिकण्याचा अर्थ त्यास शास्त्रज्ञांनीं मागाहून जोडला. लॅटिनास जी मुभा, ती मराठीस कां नसावी? ‘पाचटधारी’ म्हटल्यास शेतकऱ्याच्या मुलास अर्थ तत्काळ कळेल. ‘अच्युतशुष्कपर्णी’सारखें कांहीं घडविल्यास एका परक्या शब्दाऐवजीं त्यास दुसरा घोकावा लागेल, इतकेंच.

हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. हेक्टरीं 8 ते 10 टन पाचट निघतें. सरींत कुजविल्यास तें ओल राखतें, जमिनीचा कस वाढवितें. राहुरीस 1968 पासूनचें कृषिविद्यापीठ असूनही तोडणीनंतर पेटविलेले फड दिसतातच. शब्द शिकवितांच काडी विझेल, असा आमचा भाबडा समज नाहीं. परंतु जी वस्तु वर्गांत नांवानेंही येत नाहीं, ती शास्त्राची वस्तु आहे, हें मुलाला कळावें कसें?

वाळली तरी न गळणारी एक समजूत आमच्या अंगीं आहे : परभाषेवांचून शास्त्र नाहीं. तिचेंही पाचट आतां काढावें व खतास घालावें.